सेल्फ मारला की नुसतं टकटक, नवीन बॅटरी टाकूनही तेच: कुठून तपासायचं

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, मागाहून सीएनजी किट बसवलेलं, रत्नागिरीत असते आणि रात्री उघड्यावरच उभी. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी किल्ली फिरवली की टकटकटक आवाज, इंजिन फिरत नाही, कधी चार-पाच वेळा मारल्यावर घेते. बॅटरी गेली म्हणून नवीन टाकली, थोडे दिवस बरं चाललं, परत तेच सुरू. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्प दिला तर एकदा पटकन चालू झाली आणि एकदा केबल लावूनही नुसतं टकटक. आता एक मिस्त्री म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदला, दुसरा म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, आणि तो खर्च ऐकून तुम्ही गाडीच विकायला निघालाय.

विकू नका. आणि ईसीएमला तर आत्ता कुणालाच हात लावू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला सगळ्यात जास्त संशय इंजिनच्या अर्थिंगवर आहे, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला जी जाड वायर किंवा विणलेली पट्टी जाते तिच्यावर. संशय म्हणतोय, निदान नाही म्हणत, कारण मोजल्याशिवाय निदान होत नाही. पण मोजायला तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर आणि किल्ली फिरवायला घरातलं एक माणूस एवढंच लागतं, ते आज संध्याकाळीसुद्धा करता येईल.

आधी त्या टकटकीचं बघू. आवाज नक्की कुठून येतोय ते बॉनेट उघडून कान देऊन ऐका. डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून हलका टिकटिक येत असेल तर तो रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि खाली गिअरबॉक्सच्या बाजूने जड लोखंडी टकटक येत असेल तर तो सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच. तुमचा बहुतेक दुसरा असणार. आणि तसं असेल तर त्याचा अर्थ असा की किल्ली, इग्निशन स्विच, रिले, सगळ्यांनी आपापलं काम केलंय, सेल्फपर्यंत हुकूम पोचलाय, मग ईसीएमने काय बिघडवलं? सोलेनॉइड ओढला जातो, आतले मोठे कॉन्टॅक्ट मिळतात, सेल्फची मोटर एकदम शंभर-दीडशे अँपिअर करंट मागते, तो करंट कुठेतरी अडतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडला धरून ठेवण्याइतका जोर उरत नाही म्हणून तो सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो. हेच सेकंदात अनेकदा होतं आणि आपल्याला टकटकटक ऐकू येतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की करंट अडतोय कुठे. बॅटरीतच कमी आहे, प्लसच्या वाटेत अडतोय, का परतीच्या वाटेत म्हणजे अर्थिंगमध्ये.

आपल्याकडे लोक प्लसची वायर बघतात, बॅटरी बघतात आणि अर्थिंगकडे बघतच नाहीत. सेल्फला वेगळी मायनस वायर नसते, तो इंजिनच्या लोखंडावर बसलेला असतो आणि जेवढा करंट प्लसने आत जातो तेवढाच सगळा त्या अर्थच्या पट्टीतून परत बॅटरीला यावा लागतो. कोकणात खारी हवा, चार महिने पाऊस, पट्टीच्या टोकाचं तांबं आतून हिरवं होऊन भुगा होतं आणि बाहेरून वायर ठीकच दिसते. त्यात मागाहून बसवलेल्या सीएनजी किटची, अलार्मची, म्युझिक सिस्टिमची अर्थ वायर बऱ्याचदा त्याच एका बोल्टखाली दाबलेली असते, तीन-चार थिंबल (वायरीच्या टोकाच्या कड्या) एकावर एक, मध्ये रंग नाहीतर गंज, आणि बोल्ट पूर्ण बसलेलाच नसतो.

आणि इथे मल्टीमीटर चुकीच्या पद्धतीने वापरला तर तोही फसवतो. कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर जोडलेली आहे का ते बीपने सांगणाऱ्या सेटिंगवर लावलं, बीप वाजली, वायर चांगली आहे, असं समजू नका. पट्टीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा बारीक अडथळा साध्या मीटरला दिसत नाही, पण दीडशे अँपिअर तिथून जायला लागले की तेवढ्यातच तीन व्होल्ट खाल्ले जातात आणि सेल्फला उरतात नऊ. बारीक नळाला लागलेला अर्धा बंद कॉक बादली भरेपर्यंत कळत नाही आणि मोटर लावली की लगेच कळतो, तसंच हे. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असतानाच, आणि ओहमवर नाही, डीसी व्होल्टवर.

सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, ओढणी, सैल बाही, केस फॅन-बेल्टपासून लांब. मधेच गाडी चालू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा, आणि किट सीएनजीवरसुद्धा स्टार्ट होणारं असेल तर ते स्विचवरून बंद करा.

सकाळी गाडीला कुणी हात लावायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ किंवा खाली म्हणजे ती रिकामीच समजा आणि आधी चार्जिंगला लावा, कारण रिकाम्या बॅटरीवर पुढची कुठलीही टेस्ट खरी येत नाही. आता मीटर तिथेच ठेवून घरच्यांना किल्ली फिरवायला सांगा. मीटरची टोकं क्लॅम्पला नाही तर बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला लावायची, हे फार महत्त्वाचं आहे, कारण क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातच पांढरी पावडर साचून अडथळा झालेला असू शकतो. टकटक चालू असताना इथे व्होल्टेज आठ-नऊला कोसळत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन भलताच करंट ओढतोय. साधारण ९.६ च्या वर टिकली तर बॅटरीवर आरोप करायचं कारण नाही. आणि टकटक होत असतानाही ती ११.५-१२ दाखवत असेल तर बॅटरी ठणठणीत आहे, करंट पुढे जातच नाहीये.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, रंग किंवा गंज नसलेल्या जागी, नाहीतर सेल्फच्या बॉडीवरच. किल्ली फिरवा. चांगल्या गाडीत इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंगचं काम आहे, आणि दोन-तीन व्होल्ट दिसले तर तुमचा चोर सापडला. तसंच प्लस खुंटीपासून सेल्फवरच्या जाड नटापर्यंत बघा, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत चालतं. तिथे हात नीट पोचत नसेल आणि खाली जॅकवर घुसावं लागत असेल तर ते घरी करू नका, गॅरेजमध्ये करा.

मीटर नसेल तर त्याहून सोपी परीक्षा आहे, आणि ती तुमच्या जम्पच्या गोष्टीतच लपलीय. जम्प दिला तेव्हा काळ्या केबलचं तुमच्या गाडीकडचं टोक कुठे लावलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. माझा अंदाज, ज्या दिवशी पटकन चालू झाली त्या दिवशी ते इंजिनच्या लोखंडाला लावलं होतं आणि ज्या दिवशी नुसतं टकटक झालं त्या दिवशी बॅटरीच्या मायनसला. इंजिनला लावलं की ती केबलच नवीन अर्थिंग होते, जुनी सडकी पट्टी बायपास होते. बॅटरीला लावलं की करंटला परत त्याच सडक्या पट्टीतून यावं लागतं, मग दुसऱ्या गाडीची बॅटरी कितीही मोठी असली तरी उपयोग शून्य. खात्री करायची असेल तर दुसरी गाडी नकोच, फक्त एक जम्पर केबल घ्या, एक टोक तुमच्या बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या लोखंडी हुकाला किंवा ब्रॅकेटला, आणि सेल्फ मारा. दणक्यात फिरला तर विषय संपला. मात्र ही केबल जाड हवी, हल्ली जी स्वस्त बारीक केबल मिळते तिच्यात वर नुसतं जाड रबर आणि आत मोजक्या तारा असतात, ती गरम होते आणि उत्तरही चुकीचं देते.

आणखी एक खूण सांगतो. अर्थिंग गेलं की करंट दुसऱ्या वाटेने बॉडीपर्यंत जायला बघतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी गिअरच्या केबलमधून, आणि त्या गरम होतात. जुन्या गाड्यांमध्ये केबलचं प्लास्टिक वितळून पेडल जड झालेलं मी पाहिलंय, आणि तिथे केबल दोनदा बदलूनही कारण कुणी शोधलेलं नसायचं. तुमच्या गाडीत चार-पाच वेळा मारल्यावर एखादी केबल कोमट लागते का हे हात लावून बघा.

मग नवीन बॅटरीने थोडे दिवस बरं का वाटलं? एक तर बॅटरी बदलताना टर्मिनल घासले गेले, हलवाहलवीत पट्टी जरा बसली. दुसरं म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरसुद्धा इंजिनवरच बसलेला असतो, त्याच्या चार्जिंगचा करंटही ह्याच अर्थच्या वाटेने फिरतो. वाट खराब असेल तर बॅटरी रोज थोडी थोडी कमी भरते आणि नवीन बॅटरीसुद्धा काही दिवसांत अर्धी होते. म्हणजे जुनी बॅटरी खरंच खराब नसेलही, उपाशी असेल. घरी असेल तर टाकू नका, चार्ज करून लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून बघणं) करून घ्या. तुमच्या प्रश्नात मला वाईट ह्याचंच वाटलं की बॅटरी विकणाऱ्याने बॅटरी विकली पण एक मिनिट घालवून चार्जिंग व्होल्टेज बघितलं नाही.

दुरुस्ती अवघड नाही. बॅटरीची मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस लागलेली असली तर मोठी ठिणगी उडते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका, तो आम्लाचा क्षार आहे. बॉडीवरचा आणि गिअरबॉक्सवरचा अर्थ बोल्ट काढून खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, रंगावर थिंबल बसवू नका. पट्टी हिरवी पडली असेल, वाकवल्यावर कुरकुर लागत असेल तर साफ करत बसू नका, नवीन टाका, काही शे रुपयांत काम होतं. मी खाऱ्या हवेतल्या गाड्यांना जुन्याच्या जोडीला बॅटरी मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत एक जादा जाड वायर टाकून देतो, थिंबल नुसतं दाबलेलं नाही तर क्रिम्पिंगच्या हत्याराने नीट आवळलेलं. बोल्ट घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस, आधी आतमध्ये नाही. आणि किटच्या वायरी त्या बोल्टवरून काढून वेगळ्या बोल्टवर घ्या.

आता समजा अर्थिंग चांगलं निघालं, प्लसची वायरही चांगली, बॅटरी भरलेली, तरी सेल्फ घेत नाही, तर मग सेल्फ काढायचा. पण तेव्हाही आवाज वेगळा असतो, बहुतेक एकच जड 'टक' आणि मग शांतता. कार्बन ब्रश झिजलेले, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले किंवा बुश गेलेले. अशा वेळी सेल्फवर पान्याच्या दांड्याने हलकं ठोकलं की एकदा घेतो, घरी पोचायला ठीक आहे, पण हातोडी घालू नका, छोट्या गाड्यांच्या सेल्फमध्ये आतून चुंबक चिकटवलेले असतात ते तडकतात. आणि सेल्फ उघडून ब्रश, बुश, कॉन्टॅक्ट बदलून होतो, दरवेळी नवीन असेंब्लीच हवी असं नाही. जुना ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, हे काम त्याचं आहे.

काहीच आवाज नाही, टकसुद्धा नाही, आणि डॅशवरचे दिवे नीट पेटतात, तर क्लच पूर्ण दाबून बघा, ऑटोमॅटिक असेल तर पी ऐवजी एन मध्ये बघा, मग सेल्फचा रिले शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून बघा. बटणाची गाडी असेल तर रिमोटमधला सेल संपलेला असतो, रिमोट बटणालाच टेकवून दाबलं की बऱ्याच गाड्या घेतात.

ज्यांची गाडी सेल्फ छान घेते, इंजिन गरगर फिरतं पण पेटत नाही, त्यांनी बॅटरी-सेल्फवर पैसे घालू नयेत, तो वेगळाच आजार. किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद 'ऊंऽऽ' असा पंपाचा आवाज येतो, तो येतो का ऐका. सीएनजीवाल्यांना इथे कळकळीने सांगतो, टाकीत पेट्रोल काटा तळाला ठेवून वर्ष वर्ष गाडी चालवू नका. बहुतेक सिक्वेन्शिअल किटमध्ये गाडी पेट्रोलवरच स्टार्ट होते आणि गरम झाल्यावर सीएनजीवर जाते, पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, तळाला गेलेल्या टाकीत तो तापतो आणि मरतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पाव टाकी ठेवा आणि महिन्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवून जुनं संपवत जा. पंप चालतोय, तरी पेटत नाही, तर डॅशवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय का बघा, तो इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखली नाही तर इंजिन पेटू न देणारी यंत्रणा, दुसरी किल्ली लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या, विशेषतः थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने परत घेते असं असेल तर. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरिंग कुरतडतात, तेही डोळ्याने बघून घ्या. बऱ्याच वेळा मारून पेट्रोलचा वास यायला लागला असेल तर प्लग ओले झालेत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारा, इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या त्या वेळी पेट्रोल सोडणं बंद करतात आणि इंजिन सुकतं. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं. डिझेलचं म्हणाल तर फिल्टरमधलं पाणी आणि हवा धरलेली लाइन, हे दोन आधी.

एका बाबतीत मात्र सेल्फला हातच लावायचा नाही. गाडी पाण्यात उभी राहिली, पाणी बॉनेटपर्यंत चढलं किंवा पाण्यातून जाताना बंद पडली, तर किल्ली फिरवू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा पाणी ओसरल्यावर अशा कितीतरी गाड्या चिखलात उभ्या होत्या. सिलेंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी प्लग काढून पाणी उपसून वाचते, त्याच गाडीला सेल्फ मारला की इंजिन उघडावं लागतं, आणि ते नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. धक्का मारून चालू करणंही त्या वेळी तितकंच घातक. टो करून न्या.

जम्प देण्याचं एकदा नीट लिहितो कारण तुमच्या शेजाऱ्यांनी दोन पद्धतीने दिलाय. लाल आधी तुमच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी पडतेच, म्हणून ती बॅटरीजवळ नको. उलट-सुलट लावली तर मात्र ईसीएम खरंच जाईल.

अर्थिंग झालं, गाडी दणक्यात चालू झाली, की पंपाचा फ्यूज परत लावलाय ना बघा आणि तिथेच थांबू नका. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, एसी लावून बॅटरीवर व्होल्टेज बघा, १३.८ ते १४.४ मध्ये पाहिजे. १३ च्या खाली रेंगाळत असेल तर अल्टरनेटर बघायचा, १५ च्या वर जात असेल तर चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर गेलाय, तोही बॅटरी मारतो. आत्ताची नवीन बॅटरी एक रात्र बाहेरच्या चार्जरवर हळू चार्ज करून घ्या, रोजच्या छोट्या फेऱ्यांनी ती पूर्ण भरणार नाही. एवढं करूनही दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर उतरत असेल तर गाडी बंद असताना कोण करंट पितंय ते शोधावं लागेल, लॉक करून अर्धा तास गेल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा, आणि जास्त असला तर एकेक फ्यूज काढून बघायचं, मी असतो तर आधी किटचा आणि म्युझिक सिस्टिमचा काढला असता.

सकाळचं व्होल्टेज, टकटक होत असतानाचं बॅटरीवरचं व्होल्टेज, आणि मायनस खुंटी ते इंजिन ह्यातलं व्होल्टेज, हे तीन आकडे इथे लिहा, पुढचं मग त्यावरून सांगतो.